दचकलेला गणपती

अंकवाल्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यमुनाकाकी, तुमचे खाणीतले अनुभव लिहून द्या. आणि शेवटी भविष्यातली खाण कशी असावी, तेही लिहा." मी म्हटलं, बाई, मी चौथी पास आहे, ज्योतिषी नाही. पण उभं आयुष्य पेणजवळच्या दगडखाणीत काढलं, तेव्हा जे पाहिलं ते लिहिते. कुणाला राग आला तर त्याने अंकवाल्यांशी भांडावं. माझ्याशी भांडून उपयोग नाही, सुरुंगांनी माझे कान अर्धे नेले आहेत.

माझं काम लोकांना हाकलण्याचं होतं.

ज्यांनी खाण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंगर असतो. त्याच्यात मशीनने खोल भोकं पाडतात, भोकांत दारू भरतात, वरून माती ठासतात आणि उडवतात. डोंगराचा एक घास खाली पडतो. तो क्रशरमध्ये जातो, त्याची खडी होते आणि खडीचे डंपर रामवाडीवरून हायवेला लागतात. थोडा माल धरमतरच्या जेटीवरून बार्जमध्ये चढतो. तुम्ही ज्या इमारतीत बसून हा अंक वाचताय तिच्या पोटातसुद्धा आमचा डोंगर असेल. असू दे. परत मागत नाही.

यात एकच अडचण असते. उडालेला दगड सांगितलेल्या जागी पडत नाही. म्हणून सुरुंग उडवायच्या आधी आसपासचं माणूस, जनावर, सगळं लांब न्यावं लागतं. त्यासाठी लाल बावटा घेऊन एक माणूस उभा करतात. आमच्या खाणीत ते माणूस मी. सुरुंग उडाला की सुरुंगवाला वर जाऊन बघतो, एखादं भोक न उडता राहिलंय का. तो "झालं" म्हणून ओरडला की मग मी बावटा गुंडाळायचा. तोपर्यंत आमदाराची गाडी आली तरी थांबणार. एकदा आली होती. थांबली.

हे काम मला गळ्यामुळे मिळालं. माझं माहेर रोह्याचं, कुंडलिकेच्या काठावरचं. लहानपणी पलीकडच्या होडीवाल्याला अलीकडून हाक मारावी लागायची, आणि होडीवाला झोपाळू. तिथे गळा तयार झाला. लग्न होऊन पेणला आले, खाणीत हातोड्याने दगड फोडायला लागले. एक दिवस पाण्यावरून एका बाईशी भांडत होते तेव्हा मुकादम डोंगराच्या दुसऱ्या अंगाला होता. तिथून त्याला शब्द न् शब्द कळला. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातातला हातोडा काढून घेतला आणि बावटा दिला.

माझ्याआधी जो बावटेवाला होता तो ओरडायचा, "सगळ्यांनी बाजूला व्हा!" कुणी हलायचं नाही. कारण "सगळे" नावाचं माणूस कुठल्याच गावात राहत नाही. मी नावाने हाका मारायला लागले. नुसतं नाव नाही, त्याच्याबरोबर थोडं सामान. "ए पांडू, झुडपातनं ऊठ, डोकं दिसतंय तुझं!" "काय गो सुमन, सासू नसली की बांधावर लोळतेस व्हय?" माणूस मरणाला भीत नाही एवढं अब्रूला भितं. सासूच्या कानावर जायच्या आत सुमन खाली उतरायची. खाणीच्या पायथ्याशी कधी कुणाला दगड लागला नाही, तो माझ्या शिव्यांमुळे. हे मी अभिमानाने लिहिते. ज्यांना शिव्या खाव्या लागल्या ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, पण जिवंत आहेत.

तीन गिऱ्हाइकं मात्र माझ्या शिव्यांना पुरून उरली.

पहिले इस्माईलचाचा. कुवेतला ड्रायव्हर होते. परत आल्यावर त्यांना करमेना, म्हणून सुरुंग बघायला यायचे. येताना घरून खुर्ची आणायचे. मोबाईलवर सुरुंगाचं शूटिंग करून तिकडे असलेल्या लेकाला पाठवायचे. मी म्हणायची, "चाचा, मागे व्हा, दगड डोक्यात बसेल." ते म्हणायचे, "काकी, कुवेतला असं वरडत नाय कोन. तिकडे शिस्त हाय." मी म्हटलं, "तिकडे डोंगर तरी हाय का?" त्यावर ते खुर्ची थोडी मागे सरकवायचे. थोडीच.

दुसरी भिकी. कातकरी वाडीतली, माझ्याच वयाची. बकऱ्या राखायची. तिची वाडी डोंगराला सगळ्यात जवळची. ती ऐकायची, पण तिची म्हणून एक पद्धत होती. आधी बकऱ्यांना खाली पाठवायची, मग विडी पेटवायची, ती संपवायची, आणि मग स्वतः उतरायची. मी बोंबलत राहायची. ती म्हणायची, "बकऱ्या इकत घ्याव्या लागतात. मी फुकट हाय."

तिसरे नाना. नाना गणपतीवाले. त्यांचा कारखाना खाणीपासून थोडा लांब, रस्त्याच्या वळणावर. पेणचे गणपती कुठे कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. मूर्ती पुष्कळ जण करतात. डोळे आखायचं काम मात्र थोड्यांनाच जमतं. नाना फक्त डोळे आखायचे. बारीक कुंचला घ्यायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ ओढायची. नेमका त्याच वेळी सुरुंग उडाला की संपलं. म्हणून आमची एक रीत पडली होती. बावटा उचलायच्या आधी मी नानांच्या दारात जायची आणि विचारायची, "डोळे चालू आहेत का?" नाना आतून "हाय" म्हणाले की आमचा डोंगर थांबायचा. "नाय" म्हणाले की उडायचा. सरकारी परवाना वेगळा, नानांचा वेगळा.

एकदा खाणीच्या मालकांना, शेठना, घाई होती. डंपर उभे होते, आणि मुकादम म्हणाला, "काकी, रोज रोज काय विचारायचं? उडवा." माझा "थांबा" पोचायच्या आत त्याने उडवला. आम्ही कारखान्यात गेलो तर नाना कुंचला तसाच धरून बसलेले. समोर चांगला मोठा गणपती. डावा डोळा शांत, भरल्या पोटी देव्हाऱ्यात बसल्यासारखा. उजवा मात्र टरकलेला. भुवई कपाळात चढलेली. देवाच्या अर्ध्या तोंडाला कळलं होतं की काहीतरी फुटलंय, आणि उरलेल्या अर्ध्याला अजून कळायचं होतं.

मुकादम म्हणाला, "नाना, पुसा आन् परत काढा."

नाना म्हणाले, "आखलेला डोळा मी पुसत नाय. त्यानं बघितलं ते बघितलं. आता ज्यानं दचकवला त्यानं घरी न्यायचा."

तो गणपती शेठना न्यावा लागला. शेठांच्या घरी दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस आधी हात जोडायचा आणि मग मागे वळून बघायचा, की देव नक्की कशाला घाबरलाय. पुढे आमच्या खाणीत घाई झाली नाही.

अशी आमची जुनी खाण. चांगली होती असं मी म्हणत नाही. धूळ खाऊन माणसं खोकायची, तोंडाला बांधायला साडीचा पदर, पायात फाटक्या चपला. जुन्या दिवसांचे गोडवे गाणाऱ्याला मी एकदा क्रशरखाली उभं करीन.

मग शेठ थकले आणि खाण एका कंपनीने घेतली. कंपनीने आल्या आल्या खूप काही केलं. क्रशरवर पाण्याचे फवारे बसवले, खोकला कमी झाला. सगळ्यांना बूट दिले. आणि सुरुंगाची नवी तऱ्हा आणली. पूर्वी सगळी भोकं जवळजवळ एकदम उडायची. आता प्रत्येक भोकाला स्वतःची वेळ दिलेली असते. एकामागून एक, पापणी लवायच्या आत सगळी उडतात, पण एकदम नाही. त्यामुळे जमीन कमी हादरते आणि दगडही लांब उडत नाहीत. हे मला कंपनीच्या सुरुंगसाहेबाने समजावून सांगितलं, नीट, दोनदा. शहाणा माणूस होता.

लोकांना हाकलायलाही नवी साधनं आली. आधी भोंगा. भोंगा वाजला की लोकांनी लांब जायचं, असं ठरलं. बायका भोंगा ऐकून भात चढवायला लागल्या. मग ड्रोन आला. वरून उडत फिरायचा आणि खाली कोण आहे ते साहेबाला टीव्हीत दाखवायचा. त्याला बघायला माणसं घरातून बाहेर यायची, त्यामुळे साहेबाला टीव्हीत रोज गर्दीच दिसायची. पुढे एका घारीने त्याला पंजा मारला, तेव्हापासून तो जरा जपून उडायला लागला.

आणि केतकी मॅडम आल्या. त्यांचं काम सामाजिक जबाबदारीचं. नाशिककडची पोर, उन्हाने लाल झालेली, पण कामाला वाघीण. पहिल्याच सभेत त्यांनी वाडीतल्या लोकांना सांगितलं, "कंपनी नुसती डोंगर फोडणार नाही. कंपनीची तुमच्याबद्दल सामाजिक जबाबदारी आहे."

भिकीने विचारलं, "म्हंजे काय देणार?"

मॅडम हसल्या. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्यांनी उत्तरही दिलं. एक पांढरी गाडी घेतली. तिच्यावर कर्णा बसवला. गाडी पायथ्याच्या पटांगणात यायची, कर्ण्यावरून बोलावणं व्हायचं आणि वस्तू वाटल्या जायच्या. पोरांना दप्तरं. बायकांना छत्र्या. मग उन्हावर चालणारे दिवे, ते तर फारच चांगले. आमच्याकडे लोक वस्तूंवर तुटून पडायचे म्हणून मॅडमनी त्यांना रांगेत उभं राहायला शिकवलं. इस्माईलचाचांनी आपणहून रांगेचं मुकादमपण घेतलं. "लाईनीत! कुवेतला धक्का मारत नाय कोन!" भिकी मात्र बकऱ्या सोडून लवकर येऊ शकायची नाही. दिव्यांच्या वेळी तिचा नंबर आला आणि दिवे संपले. मॅडम म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी नक्की." भिकीने गाडीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि गेली.

मला कंपनीने मानाने बाजूला केलं. शाल दिली, हेल्मेट दिलं, आणि सांगितलं, आता काकी सल्लागार. बावटा ऑफिसच्या भिंतीवर लावला. सल्लागार म्हणजे काय, तर खुर्चीत बसायचं आणि पाहुणे आले की उभं राहायचं. मला ते काम जमलं नाही. कोणी सल्ला विचारत नव्हतं म्हणून नाही. विचारत होते, पण मी ओरडून सांगायची.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी कंपनीचे मोठे साहेब नवा सुरुंग बघायला येणार होते. त्या दिवशी भोंगा नेमका बंद पडला. मॅडमनी तोड काढली. कर्णा असलेली गाडी आहेच की. ती पायथ्याला फिरवू आणि लोकांना लांब जायला सांगू. मला म्हणाल्या, "काकी, तुम्ही गाडीत बसा. तुमचं लोक ऐकतात." हेल्मेट घालून मी पुढच्या सीटवर बसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गाडी पटांगणात आली. मॅडम कर्ण्यात बोलल्या, "ग्रामस्थांनो, थोड्याच वेळात..."

एवढंच ऐकलं लोकांनी. पांढरी गाडी आली, कर्णा बोलला. वाडीतून, शेतातून, आंब्याखालून, जिथून तिथून माणसं पटांगणात धावायला लागली. हातात पिशव्या. पटांगण म्हणजे नेमकी ती जागा, जिथे सुरुंगाच्या वेळी मांजरसुद्धा असता कामा नये. आणि मॅडमची शिकवण कुणी विसरलं नव्हतं. सरळ रांग लागली, डोंगराकडे तोंड करून. इस्माईलचाचा खुर्चीसकट हजर. "लाईनीत! धक्का नको!"

मॅडम ओरडत होत्या, "जा! इथून जा! आज काही वाटायचं नाही!" रांगेतला एक जण शेजारच्याला म्हणाला, "मागच्या टायमाला पन आधी असंच बोलली."

मी कर्णा हातात घेतला. म्हटलं, ही पोर आहे, हिला जमायचं नाही. मी माझ्या पद्धतीने सुरू केलं. नाव घेऊन. "पांडू! सुमन! यशवंताची आई! बाळ्या!"

तो माझा मोठा मूर्खपणा. गाडीतून नाव पुकारलं म्हणजे नावाने वस्तू आली, असंच कुणालाही वाटणार. जे घरी राहिले होते तेही निघाले. सुमन दोन पिशव्या घेऊन आली. पांडू तर आंघोळीतून उठून आला. मी जितक्या हाका मारीन तितकी रांग वाढत चालली. ज्या गळ्याने मी आयुष्यभर माणसं सुरुंगापासून लांब नेली, तोच गळा आता त्यांना नावानिशी सुरुंगाखाली बोलावत होता.

तेवढ्यात वरून सुरुंगसाहेबाचा फोन आला. ड्रोनमधून त्याला सगळं दिसत होतं. बटण तर त्याने दाबलं नव्हतंच. पण तो वेगळंच सांगत होता. पूर्वेकडून ढग चढले होते आणि विजा चमकायला लागल्या होत्या. भरलेल्या भोकांवर किंवा जवळपास वीज पडली तर दारू आपोआप उडू शकते. मग ती कुणाची वाट बघत नाही. "वर आमची माणसं उतरवतोय," तो म्हणाला, "खालचं पटांगण लगेच मोकळं करा. आत्ता."

मॅडमचा चेहरा पांढरा झाला. माझाही झाला असेल, पण तो हेल्मेटमध्ये होता. मी परत शिव्या द्यायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझ्या हातातून कर्णा काढून घेतला. म्हणाल्या, "काकी, हे गाडीच्या मागे येतात ना? मग येऊ देत." आणि कर्ण्यात ओरडल्या, "वाटप नानांच्या कारखान्यात आहे! नानांच्या कारखान्यात!"

गाडी फिरवली आणि सोडली. अख्खी रांग मोडून मागे धावली. मी आरशात बघत होते. सुमनच्या दोन्ही पिशव्या वाऱ्यावर, पांडूच्या कमरेला टॉवेल, इस्माईलचाचा डोक्यावर खुर्ची घेऊन. एवढी माणसं मी एका दमात कधी हाकलली नव्हती. मॅडमना ते आधी सुचलं आणि मला नाही, हे लिहायला मला त्रास होतो. पण तसंच झालं.

नानांच्या वळणावर पोचलो आणि मी मागे पाहिलं. पटांगण मोकळं. नाही, मोकळं नव्हतं. मधोमध एक माणूस बसलेलं. भिकी.

"गाडी फिरव गो," मी म्हटलं. मॅडमनी एका शब्दाने विचारलं नाही. फिरवली.

भिकी रांगेत सगळ्यात पुढे होती. रांग निघून गेली तरी तिचा नंबर पहिलाच होता. जमिनीवर बसून विडी ओढत होती. बकऱ्या तिने आधीच खाली पाठवल्या होत्या.

मी उतरून धावले. "ऊठ मेले! सुरुंग हाय!"

"सुरुंग रोज उडतो," भिकी म्हणाली. "दिवा रोज येत नाय."

"दिवा नाय आज! कायपन नाय!"

"तुला दिवा मिळाला असंल. टोपी पन मिळाली तुला." तिने माझ्या हेल्मेटकडे बघितलं. "मी पयली हाय. मी उठली का ही सगळी परत पुढे बसतील."

वर वीज चमकली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. एकदा नंबर मागे पडला होता आणि दिवा गेला होता. मी तिला ओढायला लागले. ती माझ्याच वयाची पण माझ्यापेक्षा घट्ट. दोन म्हाताऱ्या पटांगणात एकमेकींचे हात धरून ओढाताण करताहेत आणि वर साहेब ते टीव्हीत बघतोय. पाहुण्यांनीही बघितलं, असं नंतर कळलं.

मॅडम गाडी थेट तिच्यापर्यंत घेऊन आल्या. दार उघडलं आणि म्हणाल्या, "आजी, तुमचा नंबर पहिला. म्हणून तुम्ही पुढच्या सीटवर. दिवा मी स्वतः आणून देणार, तुमच्या घरी."

भिकीने विडी विझवली, उरलेली कानावर ठेवली आणि गाडीत चढली. पुढच्या सीटवर. मी मागे. दार लावल्यावर म्हणाली, "गार हाय आत."

आम्ही वळणावर पोचलो, मॅडमनी फोन केला, वर ड्रोनमधून पटांगण मोकळं दिसलं आणि साहेबाने वीज जवळ यायच्या आत बटण दाबलं.

सुरुंग उडाला. खरं सांगते, मला कळलंच नाही. दूरवर कुणीतरी गादी झटकल्यासारखा आवाज. झाडावरचे कावळेसुद्धा उडाले नाहीत. इस्माईलचाचा मोबाईल धरून उभे होते. ते म्हणाले, "एवढाच? आता पोराला काय पाठवू?"

पण तोपर्यंत कारखान्यात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. वाटप नानांच्या कारखान्यात आहे, असं मॅडमनी पुकारलं होतं. मी गाडीत होते. नानांच्या दारात "डोळे चालू आहेत का" विचारायला त्या दिवशी कुणीच नव्हतं. अख्खं गाव पिशव्या घेऊन "दिवे कुठे? दिवे कुठे?" करत आत घुसलं, तेव्हा नाना श्वास रोखून बसले होते.

मी आत गेले. गर्दी भिंतीला चिकटून उभी होती. नानांच्या हातात कुंचला. समोर गणपती, डावा डोळा शांत. उजव्याचं मी सांगायला नको.

नानांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सुरुंग उडाला काय? मला समजलाच नाय. ही माणसं कोनी सोडली?"

मॅडम पुढे आल्या. म्हणाल्या, "मी." लपल्या नाहीत.

"मंग तुमी न्या," नाना म्हणाले.

मॅडमना रीत माहीत नव्हती. ती त्यांना सुमनने समजावून सांगितली, चढवून सांगितली, आणि शेठांच्या गणपतीचाही इतिहास सांगितला. मोठे साहेब पाठोपाठ आले होते. त्यांनीही गणपती बघितला. नवा सुरुंग देवालाही हादरवत नाही, हे बघायला ते आले होते. तसा नव्या सुरुंगाने हादरवला नव्हताच. हादरवला तो आमच्या वाटपाने.

त्यानंतर कंपनीने एक गोष्ट बदलली आणि ती माझ्या मते यंत्रांपेक्षा मोठी आहे. वाटपाची गाडी आणि इशाऱ्याचं काम वेगळं केलं. ज्याने "पळा" म्हणायचं त्याच्या हातात देण्यासारखं काहीही असता कामा नये. भिंतीवरचा बावटा खाली उतरला. मी तो थोडे दिवस वापरला, मग भिकीच्या सुनेला दिला. तिचा गळा बरा आहे. शिव्या अजून मऊ पडतात, पण मी घेते तिची तयारी करून. रोह्याच्या बाजूला कंपनीची दुसरी खाण आहे, तिथल्या बायकांना शिकवायलाही जाऊन आले. माहेरी जाऊन शिव्या शिकवायचा पगार मिळतो, असं आईला सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

भिकीची सून सुरुंगाआधी अजून नानांच्या दारात जाते. आता गरज नाही, नानांना हादरा कळतही नाही. तरी विचारते. नानाही "हाय" म्हणून थांबवतात. मला संशय आहे की कधीकधी ते नुसते चहा पीत असतात.

दचकलेला गणपती कंपनीच्या ऑफिसात बसला. आरतीला गाव आलं. दिवा भिकीच्या घरी मॅडमनी स्वतः नेऊन दिला होता, पायी, गाडी लांब उभी करून. भिकीने तो बकऱ्यांच्या गोठ्यात लावला.

विसर्जन खाणीच्या जुन्या खड्ड्यात झालं. डोंगराचा तो भाग कधीच संपला आणि तिथे पाणी साठलंय, खोल, हिरवं. मॅडमनी काठावर उभं राहून सांगितलं की पुढे या खड्ड्याचा तलाव करायचाय. मासे सोडायचे, झाडं लावायची, वाडीच्या लोकांना मासेमारीचा हक्क द्यायचा. चांगलं आहे. त्या पोरीने सांगितलं म्हणजे ती करीलही. गणपती पाण्यात गेला. शांत डोळा आधी बुडाला. दुसरा वर राहिला, जिथे पूर्वी डोंगर होता तिकडे बघत, मग तोही गेला.

भिकी सगळ्यात पुढे बसली होती. तिने मॅडमना विचारलं, "समदं देतेस बाय. डोंगर कवा देशील?"

 मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी सल्लागार.

मला कमी ऐकू येतं, ते त्या वेळी फार उपयोगी पडलं.